होम प्लेटला पाय लावायचा नसतो

विचार करायचा झाला की सर खुर्चीवरून खाली उतरत. आमच्या ऑफिसात सगळ्यांना फिरत्या खुर्च्या होत्या, आणि सरांची तर प्लॅनिंग मॅनेजरला शोभेल अशी उंच पाठीची होती. पण एखादं काम नेमकं कुठे अडलंय हे शोधायची वेळ आली की ते उठायचे, टेबलाच्या बाजूला जमिनीवर उकिडवे बसायचे आणि कोपरं गुडघ्यांवर टेकवून कामांच्या तारखांच्या पट्ट्या ओढलेल्या भिंतीवरच्या लांबलचक तक्त्याकडे बघत राहायचे. नवीन माणसाला आत गेल्यावर आधी रिकामी खुर्ची दिसायची आणि मग टेबलामागून आवाज यायचा, "बोला जी." एक इंग्लिश कन्सल्टंट एकदा घाबराघुबरा बाहेर आला आणि मला म्हणाला, तुमच्या मॅनेजरना बरं वाटत नाहीये. मी म्हटलं, बरं वाटतंय म्हणूनच बसलेत.

सर अमरावतीचे. कतारला, दोह्यात येऊन त्यांना जमाना झाला होता, पण भाषा विमानातून उतरली तशीच राहिली होती. ऑफिसात इंग्रजी, साईटवर हिंदी आणि मराठी माणूस दिसला की वऱ्हाडी. मी नाशिकची, नवी नवी नोकरी, आपल्याला सगळं येतं असा तोरा. पहिल्याच आठवड्यात एक कागद त्यांच्यासमोर धरून मी म्हटलं, "सर, हे काम लेट आहे."

त्यांनी खालून वर बघितलं. "पोरी, काम लेट नसते. काम झोपलेलं असते. कोनी तरी जाऊन त्याले उठवा लागते."

तेव्हापासून आमच्या सेक्शनमध्ये कुठलंही काम लेट झालं नाही. नाला झोपायचा, फुटपाथ झोपायचा, एक आख्खा पूल बरेच महिने घोरत पडला होता. मीटिंगमध्ये समोरचा इजिप्शियन इंजिनिअर तारीख कबूल करताना "इन्शाल्ला" म्हणाला की सर मान हलवून म्हणायचे, "त्याचं तो पाहीलच, तू उठव."

आम्ही अल हिलालमध्ये एकाच व्हिलात राहायचो. मालकाने व्हिलाचे तुकडे करून भाड्याने दिले होते. वरच्या तुकड्यात सर आणि काकू, खालच्या तुकड्यात मी आणि माझा नवरा. नवऱ्याची ड्यूटी समुद्रातल्या गॅस प्लॅटफॉर्मवर, त्यामुळे अर्धा महिना मी एकटीच आणि तो अर्धा महिना जेवायला वरच. सकाळी अल वक्र्याकडच्या साईट ऑफिसला जायचं ते सरांच्या गाडीतून. फुटबॉलचा वर्ल्ड कप यायचा होता आणि सगळं दोहा खणून ठेवलेलं होतं. काल उजवीकडे गेलेला रस्ता आज डावीकडे वळवलेला असायचा. लोक शिव्या घालायचे, सर मात्र खूश. "पाह्य, नवीन वळण!" असं ते अशा कौतुकाने म्हणायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, ते वळण ह्यांच्या स्वागतासाठीच काढलंय. त्यातली बरीचशी वळणं त्यांच्याच तक्त्यातून निघालेली असत, हे मला पुढे कळलं.

त्या गाडीला खोबरेल तेलाचा वास यायचा. काचेपाशी, उन्हात, चामड्याचा एक अवाढव्य पंजा पसरून ठेवलेला असे. पहिल्या दिवशी मला ते मेलेलं कासव वाटलं. तो सरांचा बेसबॉलचा ग्लोव्ह होता. चामडं मऊ राहावं म्हणून ते त्याला तेल चोपडून ऊन दाखवत. रात्री त्यात चेंडू ठेवून तो उशीखाली घेत. काकू म्हणायच्या, "माह्या डोक्याले नाही लावलं यायनं कधी इतकं तेल."

तर बेसबॉल. मला त्यातलं तेव्हा काही कळत नव्हतं आणि आता कळतं ते सगळं सरांच्या गाडीत कळलेलं आहे. एक जण चेंडू फेकतो, तो पिचर. दुसरा बॅटने तो टोलवतो आणि तीन कोपऱ्यांना शिवून पुन्हा निघाला तिथेच परत येतो, तेव्हा एक धाव होते. निघायची आणि परत यायची ती जागा म्हणजे होम प्लेट, जमिनीत बसवलेला रबराचा पाचकोनी पांढरा तुकडा. आणि बॅटवाल्याच्या मागे, तोंडावर जाळी बांधून, उकिडवं बसून चेंडू झेलत राहतो तो कॅचर. सर कॅचर होते. पन्नाशी ओलांडल्यावरही होते, कारण इतरांचे गुडघे थोड्या वेळात बोलायला लागायचे आणि सरांना ते बसणं म्हणजे आराम होता. सामना संपून सगळे चहा प्यायला उभे राहिले तरी हे आपले बसलेलेच.

दोह्यात तेव्हा बेसबॉलच्या दोन लीग होत्या. वरची लीग हिरवळीवर, दिव्यांच्या उजेडात खेळायची. खालची लीग अबू हमूरच्या पलीकडच्या एका रेताड मोकळ्या जागेवर, शुक्रवारी सकाळी. वरच्या लीगने ज्यांना घेतलं नाही ते, आणि ज्यांनी वरच्या लीगला कधी विचारलंच नाही ते, असे सगळे खालच्या लीगमध्ये. सर तिसऱ्या प्रकारचे. वरच्यांनी बोलावलं तरी आपण जाणार नाही, असं ते न बोलावताच सांगून ठेवत.

त्यांच्या टीममध्ये बहुतेक फिलिपिनो होते. पिचर एक ड्राफ्ट्समन होता. त्याचं खरं नाव मला कधीच कळलं नाही, कारण सरांनी त्याला बाळू म्हणायला सुरुवात केली आणि तोही बाळू म्हटल्यावर वळून बघायला लागला. सर सगळ्यांचं बारसं करून टाकत. समोरच्या टीमचा बॅटवाला पुढ्यात येऊन उभा राहिला की जाळीच्या आडून त्याच्याशी वऱ्हाडीत गप्पा मारत. "काय म्हनते मग? जेवला का?" हे ऐकून त्या माणसाचं लक्ष उडायचं आणि बाळूचा चेंडू निघून जायचा. अंपायरने एकदा हरकत घेतली. सर म्हणाले, मी जेवणाचं विचारतोय, हे विचारणं कुठल्या नियमात बसत नाही ते दाखवा. काही वर्षांनी मात्र त्याचा उपयोग होईनासा झाला. सगळी खालची लीग "हाव, जेवलो" म्हणायला शिकली होती.

आता कपाबद्दल सांगते.

काकूंच्या हॉलमध्ये काचेचं एक मोठं कपाट होतं आणि ते त्यांच्या बक्षिसांनी भरलेलं होतं. मंडळाच्या रांगोळी स्पर्धेतली, पाककलेतली, अंताक्षरीतलीसुद्धा. कपाटाचा मधला कप्पा तेवढा रिकामा. त्याला सरांनी वरून एक छोटा दिवा बसवून घेतला होता. कप्प्यात काही नाही, पण दिवा चालतोय की नाही हे ते अधूनमधून लावून बघत. तिथे खालच्या लीगचा एम.व्ही.पी.चा, म्हणजे हंगामातल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा कप यायचा होता. दर वर्षी यायचा होता.

"सर, एवढं काय त्या कपाचं?" मी एकदा विचारलं. मला वाटलं, खेळ महत्त्वाचा, कप नाही, असं काहीतरी थोर म्हणतील.

"मले पाह्यजे," सर म्हणाले. "लाजाचं काय त्यात? कपाचं काय घेऊन बसले, असं कोन म्हनते? ज्यायच्या घरी कप आहेत ते. माह्याही घरी आहेत, पन सारे हिचे आहेत."

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "तुमाले रांगोळी येत असती तं मी काही अडवलं नसतं."

ती हाव इतकी उघडी, इतकी निर्मळ होती की मला सर त्या दिवसापासून फार आवडायला लागले. इथे सगळेच काहीतरी मिळवायला आलेले असतात आणि सगळेच ते लपवतात. सर टीमच्या प्रत्येक सामन्याला काकूंकडून सांबारवडी करून घेत, कोथिंबिरीने ठासून भरलेली, आणि चारही टीमच्या कॅप्टनना आग्रह करकरून वाढत, कारण कप कोणाला द्यायचा ते हे कॅप्टन ठरवायचे. "हा प्रचार आहे," असं ते वाढतानाच सांगून टाकत. कॅप्टन वडी खात आणि कप दुसऱ्याला देत.

ह्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. सर होम प्लेटला पाय लावत नसत.

धावत आलेल्या माणसाने प्लेटवर पाय ठेवायचा आणि पुढे निघून जायचं, एवढं सोपं काम. सर मात्र प्लेटपाशी थांबत, वाकत आणि हाताने शिवत. नियमाने ते चालतं, पण थांबायला आणि वाकायला वेळ जातो, तेवढ्यात चेंडू येऊन पोचतो आणि कॅचरने तो अंगाला लावला की धावणारा बाद. बाजूला उभी असलेली टीम "सर, फूट! फूट!" म्हणून ओरडत असायची आणि सर वाकलेल्या अवस्थेत बाद होत.

का, ते त्यांनी मला एका वळणावर अडकलो असताना सांगितलं. त्यांच्या कॉलेजात बेसबॉल नवा नवा आला, तेव्हा बॅट आली, ग्लोव्ह आले, होम प्लेट काही आली नाही. मग पोरांनी मेसच्या महाराजांकडून जेवायला बसायचा एक लाकडी पाट मागून आणला. महाराजांनी पाट दिला, पण अट घातली. पाटावर माणूस जेवायला बसतो, त्याला पाय लावायचा नाही. लागला तर पाट परत. आणि महाराज नुसती अट घालून थांबले नाहीत, रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला येऊन बसायला लागले. त्यामुळे धावत येणारा प्रत्येक पोरगा पाटापाशी वाकून हात लावायला शिकला. पुढे दुसऱ्या गावी सामना झाला. तिथे खरी प्लेट होती, महाराजही नव्हते. पण सवय अशी लागली होती की सरांची आख्खी टीम, एकामागून एक, प्लेटपाशी येऊन वाकली आणि वाकता वाकता बाद झाली.

"समोरच्या टीमले वाटलं, आमचं काही धार्मिक आहे," सर म्हणाले. "त्यायच्या कॅप्टननं चपला काढल्या."

मी इतकी हसले की सरही गाडी पुढे घ्यायचं विसरले आणि मागचा गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला. "मग बाकीच्यांनी सवय सोडली असेल ना?"

"त्याच दिवशी सोडली."

"आणि तुम्ही?"

"मी महाराजाले शब्द देला होता."

"अहो सर, कुठले महाराज आता, कुठला पाट!"

"शब्द तं आहे ना इथंच," असं म्हणून त्यांनी गाडी पुढे घेतली. मला त्यांचा थोडा रागच आला. एवढा कप हवा म्हणून दिवा लावून बसायचं आणि एक पाय टेकवायचा नाही, हा कुठला न्याय?

सरांच्या ह्या सवयीची सगळ्यांत चांगली माहिती गुरुजींना होती. गुरुजी म्हणजे समोरच्या सगळ्यांत भारी टीमचे जपानी कॅप्टन, मेट्रोच्या कामावरचे इंजिनिअर. मैदानात पाऊल टाकताना ते मैदानाला वाकून नमस्कार करत, म्हणून सरांनी त्यांचं नाव गुरुजी ठेवलेलं. तेही कॅचर आणि तेही सरांच्याच वयाचे. दोघांची गट्टी होती. गुरुजींचं इंग्रजी बेताचंच आणि सरांचं ऑफिसपुरतं, त्यामुळे ते गुडघ्यांविषयी खुणांनी बोलत. सर धावत आले की गुरुजी शांतपणे प्लेटच्या पुढे, जमिनीलगत, ग्लोव्ह धरून बसत. सरांचा हात तिथेच येणार हे त्यांना माहीत असे. हात आला की ते चेंडू लावत आणि मग उठून सरांना वाकून नमस्कार करत. सर म्हणत, "काही हरकत नाही गुरुजी." खालच्या लीगमध्ये अशी दृश्यं बघायला मिळायची.

मग तो शेवटचा हंगाम आला. शेवटचा अशासाठी की त्या रेताड जागेवर वर्ल्ड कपच्या बससाठी पार्किंग होणार होतं. आणि ते काम आमच्याच कंपनीकडे, म्हणजे सरांच्याच तक्त्यावर होतं. जागा सपाट करायच्या कामाची पट्टी त्यांनी स्वतः ओढली होती. मी ती बघितली आणि म्हटलं, "सर, हे काम आधी घेता येईल की. मागे पुढे सगळी जागा रिकामी आहे."

सर खाली उकिडवे बसलेले होते. "काही कामं झोपू द्याची असतात पोरी," ते म्हणाले. "फायनल होऊ दे, मग उठवू."

त्या वर्षी सरांची टीम फायनलला पोचली. समोर गुरुजींची टीम. वडी न खाताही कोणी सांगितलं असतं की टीम जिंकली तर कप सरांना, हरली तर गुरुजींना. त्या कपावर दोघांचाही तेवढाच हक्क होता, पण दिवा लावून वाट बघत होते ते सर. आणि पुढच्या वर्षी ना मैदान असणार होतं ना लीग.

फायनलला काकू पहिल्यांदाच आल्या. छत्री, पाण्याचा थर्मास आणि वड्यांचा डबा घेऊन माझ्याशेजारी बसल्या. बराच वेळ सामना बघितला आणि मग मला विचारलं, "फिरून तिथंच याचं आहे, तं निंगाले कशाले?" ह्या प्रश्नाला बेसबॉलमध्ये उत्तर नाही.

सामना बरोबरीत शेवटपर्यंत आला. शेवटची पाळी आमची. सर कसेबसे तिसऱ्या कोपऱ्यापर्यंत पोचलेले, बॅट बाळूच्या हातात. बाळूने चेंडू लांब टोलवला. सर धावायला लागले. सर धावायचे म्हणजे हातात भरलेली बादली असल्यासारखे, पण त्या दिवशी ते खरंच धावले. लांबून चेंडू परत फेकला गेला, गुरुजींनी तो झेलला, आणि मी बघितलं, नेहमीसारखा त्यांचा ग्लोव्ह खाली गेला, प्लेटच्या पुढे, जमिनीलगत. जिथे सरांचा हात यायचा तिथे. टीम ओरडत होती, "सर, फूट! फूट!" मीसुद्धा उभी राहून ओरडत होते. काकू छत्री मिटून उभ्या राहिल्या होत्या.

सर वाकले नाहीत. त्यांनी प्लेटच्या मागच्या कोपऱ्यावर पाय दिला आणि तसेच पुढे निघून गेले.

गुरुजींचा ग्लोव्ह खालीच राहिला होता. त्यांनी तो उचलून सरांच्या पाठीला लावला तेव्हा उशीर झालेला होता. अंपायरने दोन्ही हात आडवे पसरून "सेफ!" म्हटलं आणि सगळी टीम सरांवर तुटून पडली. बाळूने त्यांना उचलायचा प्रयत्न केला, मग ते जमत नाही म्हणून तोच त्यांच्या गळ्यात लोंबकळला. त्या गर्दीतून मला गुरुजी दिसले. ते प्लेटपाशी उभे राहून खाली त्या बुटाच्या ठशाकडे बघत होते.

कप सरांना मिळाला. देताना कोणी फार बोललं नाही, सरांनी मात्र भाषण केलं. "थँक यू," ते म्हणाले. "आय वॉन्टेड इट व्हेरी मच." सगळे हसले. सगळ्यांत जास्त टाळ्या गुरुजींनी वाजवल्या.

परतताना कप काकूंच्या मांडीवर होता. सोनेरी, वर बॅट उगारलेला माणूस. अल हिलालचा सिग्नल आला तरी सरांनी एकदाही त्याच्याकडे वळून बघितलं नव्हतं.

"भेटला ना कप?" काकू म्हणाल्या. "मंग तोंड काहून असं?"

"गुरुजीचा ग्लोव्ह खाली होता," सर म्हणाले.

"तं?"

"त्याले वाटलं मी वाकीन. सारे म्हनत होते पाय लाव, तो एकटा समजून होता का हा मानूस पाय लावनार नाही. म्हनून तो खाली बसला होता. आन् मी त्याच्याच भरोशावर जिंकलो."

मी मागून म्हटलं, "सर, खेळ आहे तो. त्यांनी एवढ्या वेळा तुम्हाला बाद केलं, तेव्हा?"

"तेव्हा मी चुकत होतो काय?" त्यांनी विचारलं. मला हे उत्तर तेव्हाही पटलं नाही. पण त्यांचा पडलेला चेहरा मला आरशात दिसत होता आणि मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं हवी असलेली गोष्ट मिळाली आणि ती मिळवताना दुसरी, त्याहून जुनी, हातून सुटली होती.

कप मधल्या कप्प्यात गेला. दिवा लागला. नाही म्हटलं तरी सरांना कपाचा आनंद झालाच. जेवताना ते खुर्ची फिरवून कपाटाकडे तोंड करून बसायला लागले. पण ऑफिसात मी आत गेले की ते खाली बसलेले असत आणि नजर त्या सपाटीकरणाच्या पट्टीवर.

बुलडोझर यायचे होते त्या सकाळी त्यांनी गाडी अल वक्र्याकडे न घेता अबू हमूरकडे वळवली. मैदानावर कोणी नव्हतं. त्यांनी डिकीतून गवंड्याची थापी काढली, प्लेटपाशी उकिडवे बसले आणि कडेकडेने रेती मोकळी करून तो रबराचा तुकडा अलगद वर काढला. काकूंच्या जुन्या साडीत गुंडाळून तो मागच्या सीटपाशी, माझ्या पायांशी ठेवला.

"सर, मी पाय कुठे ठेवू?"

"वर घे."

अल वक्र्यापर्यंत मी मांडी घालून बसून गेले. वाटेत त्यांनी साईटवर फोन लावला आणि म्हणाले, "उठवा त्याले आता. यल्ला, चला."

मेट्रोचं काम संपत आलं होतं आणि गुरुजी कायमचे जपानला परत निघाले होते. सरांनी त्यांना शुक्रवारी दुपारी जेवायला बोलावलं. बाळू होता, लीगचे अमेरिकन अंपायर होते, मी होते. काकूंनी हॉलमधलं टेबल हलवून खाली पंगत मांडली. गोळाभात, कढी, वडी. अंपायरना मांडी घालता येईना, ते पाय लांब करून भिंतीला टेकले, आणि बाळूने काकूंना न सांगता त्यांच्या पाठीमागे सोफ्याची उशी सरकवली.

चार जागी चटया होत्या. पाचव्या जागी ती प्लेट. घासून स्वच्छ पांढरी केलेली, तिचा निमुळता कोपरा भिंतीकडे आणि भोवती रांगोळी. बक्षीस मिळवणाऱ्या हाताची रांगोळी होती ती, प्लेटचे पाचही कोन धरून काढलेली. काकूंना हे पसंत नव्हतं. सकाळपासून त्या म्हणत होत्या, "पाहुन्याच्या बुडाखाली रबर देता का?"

"पाट आहे तो," सर म्हणत होते. "पह्यले पाटच होता."

गुरुजी आत आले. बूट दाराशी काढले, मोजेसुद्धा नीट घडी करून ठेवले. सरांनी हात करून त्यांना जागा दाखवली. गोळाभाताचं पातेलं घेऊन ते नुसते उभे राहिले.

गुरुजींनी प्लेट ओळखली. भोवतीच्या रांगोळीकडे बघितलं, कपाटातल्या दिव्याखालच्या कपाकडे बघितलं, मग सरांकडे. बाळूच्या हातातली वडी हातातच राहिली.

मग गुरुजी रांगोळी न मोडता पुढे झाले, थांबले, सर वाकायचे तसे वाकले, प्लेटला हात लावला, आणि त्यानंतर तिच्यावर बसले.

सरांनी पातेलं खाली ठेवलं. दोन्ही हात आडवे पसरले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

"सेफ!" ते म्हणाले.

भात निवायला लागला, तेव्हा काकूंनीच पातेलं उचललं आणि पहिल्यांदा गुरुजींना वाढलं.